कढी आवडते म्हणे

ईरा अकोल्याहून एमएस्सीसाठी बंगळूरला निघाली, तेव्हा बाबांचे कॉलेजातले मित्र दामोदरकाका फोनवर म्हणाले होते, "दर रविवारी ती आमच्याकडेच जेवेल." काका तिथेच सरकारी संशोधन संस्थेत होते.

सात महिन्यांत त्यांनी एकदाही बोलावलं नाही. ईराने स्वतः दोनदा फोन केला. एकदा काका म्हणाले, अलकाकाकूंची पाठ धरलीय; एकदा म्हणाले, पाहुणे आहेत. तिसऱ्यांदा तिने केला नाही. रविवारी मेस बंद, म्हणून ती इंदिरानगरातल्या एका स्वस्त हॉटेलात उभ्याने भात-सांबार खायची. एकटीच असल्यामुळे गर्दी झाली की वेटर तिलाच सांगायचे, "अक्का, थोडं सरका." ती ताट घेऊन भिंतीकडे सरकायची.

एका रविवारी तिथेच बाबांचा फोन आला. "दामोदरशी बोललो. अलकावहिनींच्या हातची कढी तुला फार आवडते म्हणे. किती करतात गं! संत्र्यांची पेटी पाठवतोय त्यांना."

ईराची कानशिलं तापली. भात तसाच टाकून तिने रिक्षा पकडली.

दार काकांनीच उघडलं. "अगं, कळवून तरी यायचंस!"

"कशाला? मी तर दर रविवारी येते ना!"

आतून काकू आल्या. "कोण आहे हो?"

"मी ईरा, काकू. अकोल्याची. तुमची पाठ कशी आहे?"

"माझ्या पाठीला काय झालंय? आणि तू इथे कधी आलीस?" काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते चपलांकडे बघत होते.

ईराने बाबांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन काकांच्या हातात दिला. "खरं सांगा. आत्ता."

"अरे... ती कधी आली नाही आमच्याकडे," काका पुटपुटले. "राहून गेलं."

स्पीकरवर बाबा म्हणाले, "असू दे रे. कामाच्या गडबडीत होतं असं."

ईराने फोन हिसकावून घेतला. काकू "जेवून तरी जा गं" म्हणत जिन्यापर्यंत आल्या. ती थांबली नाही.

खाली रस्त्यावर ती बाबांवर ओरडली, "खोटं तो बोलला, आणि समजूतही त्याचीच काढलीत! सात महिने मी काय खाल्लं, हे विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

येणारेजाणारे वळून पाहत होते. पाहू देत.

"काय खाल्लंस?" बाबांनी हळूच विचारलं.

"आता नका विचारू," ती म्हणाली आणि फोन बंद केला.