पाच ताटल्या

चूल एक. कुडाच्या भिंती चार, दार एक, खिडकी नाही. अंगणात कोंबड्या सात आणि खुंट्याला शेळी एक. चुलीमागच्या फळीवर जर्मलच्या ताटल्या पाच.

"घरात माणसं किती?" एकनाथने विचारलं.

"पाच," बायडी म्हणाली.

एकनाथने पुन्हा मोजलं. उंबऱ्यावर बसलेली बायडी, तिची सून ठमी, लेक ठकी आणि ठमीच्या कडेवरची दोन वर्षांची झुंबर.

"मला तर चारच दिसतात, मावशी."

"आन नवशा? पोर हाय माझा. दिसत नाय म्हून काय नाय झाला?"

"कोंबड्या पण लिव, गुरुजी," ठकी मागून म्हणाली. "त्या तरी रोज घरी असतात." ठमीने तिला कोपराने ढोसलं. हसली मात्र नाही.

एकनाथ चुरी बी.एस्सी. होऊन वाणगावजवळच्या शाळेत लागला, त्याला दुसरं वर्ष चालू होतं. एक्क्याण्णवच्या शिरगणतीत डोंगराकडचे तीन पाडे त्याच्या वाट्याला आले होते. पालघरच्या कचेरीत तीन दिवस प्रशिक्षण झालं. दुसऱ्याच दिवशी सूचनापुस्तिकेतली बेरजेची एक चूक त्याने उठून दाखवली होती, तेव्हापासून बाकीचे मास्तर त्याला 'काटा' म्हणत. त्याला ते लागत नसे. तराजूचा काटा खरंच बोलतो, असं त्याचं मत होतं.

"कुठे असतो नवशा?"

"बर्फात."

ठमीने छपरातली प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत एक पोस्टकार्ड होतं. बोईसरचा एक ठेकेदार भाताची आवणी उरकल्यावर पाड्यातल्या दोघांना रस्त्याच्या कामावर घेऊन गेला होता, नवशाला आणि देवूला. देवू दिवाळीला परत आला. नवशा मागे राहिला, रस्ता बंद होणार, आता तो उघडल्यावर येईल, असं त्याने सांगितलं होतं. कार्ड त्याच्याही आधीचं, मुकादमाने हिंदीत लिहिलेलं. शिक्का केलांगचा, तारीख सत्तावीस सप्टेंबर.

एकनाथने मोठ्याने वाचलं : "यहाँ सब ठीक है. सरकारी बाबू तंबू में आया था, गिनती के लिए बारह आदमी का नाम लिख ले गया. नवशा का भी लिखा."

पुस्तिकेतलं एक पान बाकीच्या मास्तरांनी उलटलंही नसेल, ते एकनाथने दोनदा वाचलं होतं. बर्फाळ मुलखातली गणती फेब्रुवारीत होत नाही, आधीच्या सप्टेंबरातच उरकून घेतात. नोव्हेंबरात तिकडे जायची खिंड बर्फाने बुजते. मग सहा महिने त्या जिल्ह्याला ना रस्ता, ना मोटार.

"लाहौल-स्पिती म्हणतात त्या जिल्ह्याला, हिमाचलात," तो म्हणाला. "केलांग हे तिथलं कचेरीचं गाव. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या दीडपट मुलूख, पण माणूस विरळ. मैलच्या मैल कोणी नाही. हिशेब काढला तर एका चौरस किलोमीटरला दोन माणसं."

"दोनच?" बायडीने विचार केला. "मंग बरा हाय. दोघांत कोन हरवंल?"

एकनाथ नियमाकडे वळला. "त्याला तिकडे लिहिलंय, मावशी. एकदा मोजलेला माणूस पुन्हा मोजायचा नसतो. म्हणून इकडे चार."

"तिकडं लिवलाय म्हंजी तो हाय ना?"

"आहेच. असलेल्या माणसालाच लिहितात."

बायडीने कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि ठमीकडे दिलं. "आयकलंस? आता तुज्या बापाला सांग, शिमगा झाला का न्यायला येऊ नको. दुसरा घरोबा नाय करायचा म्हनावं. सरकारनी सांगितलाय."

ठमीने कार्ड पिशवीत घातलं, पिशवी छपरात खोवली.

"शिमग्याला येल तो," बायडी म्हणाली. "शिमग्याला समदे घरी येतात."

शिमगा पंधरवड्यावर आला होता आणि खिंड मे महिन्याआधी उघडत नाही, हे एकनाथला माहीत होतं. ते त्याने सांगितलं नाही.

देवूचं घर पाड्याच्या दुसऱ्या टोकाला. घरं घेत घेत तिथे पोचायला आठवडा गेला. देवू अंगणात कुडाच्या काठ्या तासत होता.

"गेल्या वर्षात काय काम केलंस?"

"शेती. मंग रस्त्याचा. दगड फोडाचा."

"नवशाबरोबर?"

देवूचा कोयता थांबला. "हा."

"तुझं नावही तिकडे घेतलं होतं? तू तर आता इथे आहेस. मला शेरा लिहावा लागेल."

"बाराचा घेतला. मुकादम बोलला, बारा सांगा."

"बोलला म्हणजे? बारा नव्हतात?"

देवूने काठी उलटीसुलटी केली. घरात बायको आहे का ते वळून पाहिलं. "अकरा होतो, गुरुजी."

एकनाथने पेन्सिल खाली ठेवली.

"लय उंच हाय तिकडं. दम नाय पुरत. नवशा दोन दिस खोकला, तोंडातून फेस यायचा. मुकादम बोलला उद्या ट्रक येल. ट्रक आला नाय. सकाळी हालवला तं लाकडावानी." देवू खालच्या आवाजात बोलत होता. "नदीवर नेला. जमीन खनता येना, दगड रचले वरून. मी रचले. मंग चौथ्या दिशी तो बाबू आला वही घेऊन. मुकादम बोलला, मेलेला सांगितला तं पोलीस येल, काम बंद, आन शिधा बाराचा येतो तो अकराचा होल. बाबूनी इचारला, नवशा किदर है? मी बोललो, पानी आनने गया."

"मावशीला सांगितलं नाहीस?"

"कसा सांगू? ती रोज इचारते, थंडीत काय पांघरतो."

त्या दिवशी एकनाथने पुढची घरं घेतली नाहीत. शाळेत येऊन त्याने कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला : अमुक तंबूतल्या नोंदीत एक इसम जास्त धरला गेला आहे, तरी दुरुस्ती व्हावी. अर्ज स्वच्छ झाला. पत्ताही लिहिला. फक्त इसमाचं नाव त्याने सगळ्यात शेवटी लिहिलं.

फेरतपासणी एक ते पाच मार्च. तीन तारखेला तो बायडीकडे गेला. पाड्याच्या मधोमध होळीची राख अजून तशीच होती. घरोघर परतलेली माणसं झोपून होती. बायडी चुलीपाशी बसली होती. फळीवर चार ताटल्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पाचवी पालथी.

नियमाप्रमाणे विचारायचे प्रश्न दोनच. त्याने पहिला विचारला. "मागच्या खेपेनंतर घरात कोणी जन्मलं?"

"नाय."

दुसरा, मरणाचा, त्याच्याने विचारवेना.

"इचार की," बायडी म्हणाली. "देवू आलता. होळीला पाया पडला आन रडला. मला काय, शिमग्याला नाय आला तवाच कळला." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "ठमीला बाप घेऊन गेला काल. पोरीला पन. मीच बोलले, जा."

"ती एक तारखेला सकाळी इथेच होती ना? मग ती इथेच धरायची. झुंबरही."

"म्हंजी चारच?"

"चारच."

"आन त्याचा मरान? तं लिव."

"त्याचं नाव माझ्याकडे नाहीच, मावशी. काय खोडू?" एकनाथने खिशातून अर्ज काढला. "हे तिकडच्या कचेरीला पाठवतो. तिथून त्याचं नाव काढतील. चुकून राहिलंय ते."

"नाय काढला तं?"

"तर राहील. आकड्यात."

"किती दिस?"

"पुढची मोजणी होईपर्यंत. दहा वर्षं."

बायडीने चुलीतली राख कडेला सारली. मग म्हणाली, "इकडं त्याला कोनी धरला नाय. तू पन नाय धरलास. तिकडं धरलाय तं ऱ्हाऊ दे."

"पण ते खोटं आहे, मावशी."

"दगडाखाली थंडी वाजते त्याला, ता खोटा हाय?" ती उठली. पाण्याचा तांब्या भरून तिने त्याच्यापुढे ठेवला. "पी. उन्हाचा आलास."

एकनाथ पाणी प्यायला. घरातल्या चौघांच्या चार चिठ्ठ्यांवर तपासणीची खूण केली आणि अर्ज वहीत ठेवून तो पुढच्या घराकडे गेला.

शिरगणतीच्या जिल्हावार आकड्यांचं पुस्तक पालघरच्या कचेरीत आलं, तोवर दोन पावसाळे लोटले होते. एकनाथ दुसऱ्या कामासाठी गेला होता. कारकुनाकडून त्याने ते मागून घेतलं, हिमाचल काढलं आणि बोट खाली नेलं. पुरुषांचा आणि बायकांचा आकडा त्याने कागदावर उतरवून बेरीज केली. जुळली. वरून खाली, खालून वर, दोन्हीकडून केली.

अर्ज अजून वहीतच होता, न पाठवलेला, घडी पिवळी पडलेली. त्याच्या पाठीवर त्याने लिहून घेतलं :

लाहौल-स्पिती, एकूण माणसं ३१,२९४.