स्लॅबला रविवार कळत नाही

एका लग्नात पाळक वेदीसमोर उभ्या उभ्या झोपले, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

"तू हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" एवढं विचारून त्यांनी डोळे मिटले. नवरा मुलगा "हो" म्हणाला. मग जरा मोठ्याने "हो" म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने नवरीकडे पाहत अशा काकुळतीने "हो" म्हटलं, की सासूबाईंचे डोळे भरून आले. पाळक मनातल्या मनात प्रार्थना करत असतील असं समजून सगळ्या मंडळीने माना खाली घातल्या. प्रार्थना चांगलीच लांबली. शेवटी माइकमधून एक खर्जातला आवाज आला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पाळकीणबाईंच्या काळजाचा ठोका चुकला. स्वतःच्या लग्नापासून त्या हा आवाज रोज ऐकत आल्या होत्या. त्यांच्याइतकी त्या घोरण्याची पारख कुणाला असणार?

डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचा आलेख काढला आणि पाळकांऐवजी बाईंकडेच बघून बोलले. "हृदय थकलंय. महिनाभर यांनी काहीही करायचं नाही. नाहीतर पुढच्या वेळी घोरण्याचाही आवाज येणार नाही."

बाई घरी आल्या आणि न्हाणीघराचं दार लावून रडल्या. मग तोंड धुऊन विचार करायला बसल्या, कारण नुसतं रडून हा माणूस जागेवर बसणारा नव्हता.

चर्च सुरू झालं होतं टायरच्या दुकानामागच्या एका गॅरेजात. मोजकी बाकं आणि एक गळका नळ. आता रविवारी लोक जिन्यावर बसत, खिडकीत बसत आणि उशिरा आलेले अंगणात उभं राहून फक्त आवाज ऐकत. म्हणून जुन्या हॉलवर नवा मजला चढवायला घेतला होता. शिवाय समोरच्या सरकारी रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकांचे हाल होत, म्हणून रोज दुपारी त्यांना जेवणाचे डबे जात. पाळक सकाळी विटा उचलत, दुपारी डबे उचलत आणि संध्याकाळी घरोघर जाऊन लोकांची दुःखं उचलत. एक काम बंद करा म्हटलं की ते दुसऱ्या कामावर जात आणि त्यालाच विश्रांती म्हणत.

बाईंनी ओळखलं, की मंडळीतला एक जरी माणूस घाम गाळत असेल तरी हे पलंगावर पडणार नाहीत. म्हणून त्यांनी मंडळीच्या बैठकीत जाऊन सांगून टाकलं, "विश्रांती घ्यायची तर सगळ्यांनीच घ्या. महिनाभर बांधकाम बंद, डबे बंद, बैठका बंद. देवानेसुद्धा सातव्या दिवशी हात झटकले होते. तुम्ही काय त्याच्यापेक्षा मोठे लागून गेलात?"

ठराव झाला. निवृत्त मुख्याध्यापिकेने तो टाळ्यांच्या गजरात मंजूर करून घेतला. शाळा सुटली तरी या बाईंची घंटा सुटली नव्हती, म्हणून सगळे त्यांना घंटाबाई म्हणत. त्यांनी तिथल्या तिथे विश्रांती समिती नेमली आणि तिच्या आठवड्यातून तीन बैठका ठरवून टाकल्या.

एक घोटाळा मात्र झाला, आणि असा घोटाळा याच मंडळीला जमावा. विश्रांती रविवारपासून सुरू होणार होती आणि आदल्या दिवशी, शनिवारी, नव्या मजल्याचा स्लॅब ओतला होता.

गवंडी नुकताच मंडळीत आला होता. तो मागच्या बाकावरून उठला. "पाणी कोण मारणार?"

"कसलं पाणी?" घंटाबाईंनी विचारलं.

"ओला स्लॅब आहे. रोज पाणी द्यावं लागतं, नाहीतर चिरा पडतील."

"महिनाभर कुणीही कशाला हात लावायचा नाही. त्यात तुम्हीही आलात."

"मी बसतो हो घरी. पण स्लॅबला रविवार कळत नाही," असं म्हणून गवंडी खाली बसला. कुणी छताकडे बघत होतं, कुणी चपलेकडे.

पाळकीणबाईंनी दुसऱ्या दिवसापासून नवऱ्यावर पहारा बसवला. बूट कपाटात, फोन पिठाच्या डब्यात. मदतीला विश्रांती समिती होतीच. समितीतलं कुणी ना कुणी सतत दारात. "झोपले का? झोप लागतेय ना? जरा बघून येते हं." पाळकांचा डोळा लागला की बाई हळूच हलवून विचारत, "अहो, बरं वाटतंय ना?" पाळक डोळे उघडून म्हणत, "आता वाटेनासं झालं."

तिसऱ्या दिवसापासून पाळक पहाटे फिरायला जाऊ लागले. जरा चाललं की झोप चांगली लागते, म्हणाले. बाईंनी जाऊ दिलं. पण परत आले की पँटचे पाय घोट्यापर्यंत ओले! रस्ता कोरडा, आकाश कोरडं आणि पँट ओली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"कुठे गेला होता?"

"जवळच."

"पाण्यातून चालत गेला होता?"

"ती माझ्या वरच्या मालकाची करामत. मला कुठून जमणार?" एवढं बोलून पाळक न्याहारीला बसले आणि दुप्पट जेवले.

पुढच्याच रविवारी उपासनेत आणखी एक नवल घडलं. देवाच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मंडळीतले दाताचे डॉक्टर उठले. आपला स्लॅब कुणाचाही हात न लागता रोज ओला राहतोय, हा चमत्कार आपण रस्त्यावरून जाताना डोळ्यांनी पाहिला, असं त्यांनी गहिवरून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घंटाबाईंनी तर हात वर करून आभार मानले. स्लॅब वरच्या मजल्यावर होता आणि रस्त्यावरून जिराफालाही दिसला नसता, पण त्या भरात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाळकीणबाईंच्या मात्र आलं. चमत्कार कोण करतोय तेही त्यांना कळलं. शेजारी त्याच ओल्या पायांचा माणूस निरागस चेहऱ्याने बसला होता.

हृदयाच्या डॉक्टरांचे शब्द त्यांच्या कानात घुमू लागले. बादल्या घेऊन जिने चढायचे, तेही या हृदयाने! त्या रात्री त्यांना राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. हा माणूस एक दिवस बादलीसकट कोसळणार आणि आपण घरी पिठात फोन लपवत बसणार.

दुसऱ्या दिवशी पाळक बाहेर पडले तशा बाईही मागच्या दाराने निघाल्या. उजाडायला लागलं होतं. त्या आडवाटेने चर्चमध्ये शिरल्या आणि जिन्याच्या वळणावर वाळूच्या ढिगाआड दबा धरून बसल्या. काय काय सुनवायचं ते त्यांनी पाठ केलं होतं. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' पासून सुरुवात करणार होत्या.

थोड्याच वेळात पावलं वाजली. पण जिना चढून आल्या घंटाबाई. खांद्यावर लांबलचक पाइप, पायात पावसाळी बूट. त्या शिट्टी वाजवत वर गेल्या. त्यांच्या मागोमाग दाताचे डॉक्टर आले, दोन्ही हातांत बादल्या. वरून एक किंकाळी ऐकू आली, मग दुसरी, मग भांडण.

"तुम्ही? समितीच्या अध्यक्ष असून?"

"आणि तुमचा चमत्कार काय झाला? रस्त्यावरून दिसला म्हणे!"

"मी येतो तेव्हा आधीच ओला असतो! मला खरंच वाटलं होतं की देव..."

"तो देव मीच होते!"

बाई तरातरा वर गेल्या. स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे केले होते आणि त्यांतलं पाणी आता बांधांवरून वाहून जिन्यावर उतरत होतं. त्या तळ्यात उभे राहून दोघं एकमेकांवर पाइप आणि बादली रोखत होते.

"शोभतं का हे?" बाई कडाडल्या. "ठराव कुणी केला? हात वर कुणी केले? माझ्या नवऱ्याच्या जिवासाठी महिनाभर स्वस्थ बसा म्हटलं, तर तेवढंही होऊ नये तुमच्याने?"

दोघांच्या माना खाली गेल्या. बाई आणखी चार शब्द सुनावणार, तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकून शेजारच्या घरातून आलेल्या त्यांच्या नणंदेची अंगणातून हाक आली. तिचा आवाज मुळातच ठणठणीत.

"वहिनी! ए वहिनी! डबे पहाटेच भरून झाले गं! आज दवाखान्यात गर्दी आहे, सूप आणखी लागेल का?"

दाताच्या डॉक्टरांनी बादली हळूच खाली ठेवली.

"कसले डबे?" घंटाबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"ते... लोक उपाशी कसे ठेवायचे हो?" बाईंचा चेहरा उतरला. "नणंदेच्या स्वयंपाकघरात करते. घरी सांगते, भाजी आणायला जातेय. पहिल्या दिवसापासून."

दाताचे डॉक्टर आधी हसले. मग घंटाबाई हसल्या आणि हसता हसता पाण्यात मटकन बसल्या. बाईंनाही हसू आवरेना. पण एकाएकी त्या थांबल्या. "अहो, पण मग हे कुठेत?"

हसणं बंद झालं आणि तो ओळखीचा, खर्जातला आवाज खालून आला.

जिन्याखाली सिमेंट ठेवायची एक लहानशी कोठी होती. दार लोटलं, तर रिकाम्या पोत्यांच्या गादीवर पाळक हात पसरून झोपले होते. जिन्यावरून उतरलेलं पाणी उंबऱ्यावरून आत येऊन त्यांचे पाय भिजवत होतं, पण त्यांना त्याची शुद्ध नव्हती. चेहरा एखाद्या पोट भरलेल्या बाळासारखा दिसत होता.

"रोज इथेच येऊन झोपतो दादा," मागून आलेली नणंद हळू आवाजात म्हणाली. "मला म्हणाला, घरी झोपलो तर उठवून विचारतात, झोप लागली का. कुणाला सांगू नकोस म्हणाला. तुला तर नाहीच."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण, हे बाईंना कळलं, आणि ते त्यांना झोंबलं. सगळ्या मंडळीत ठराव पाळणारा हा एकटा निघाला, आणि त्याला तो पाळायला आपल्यापासून लपावं लागलं. त्यांनी खाली वाकून त्याच्या ओल्या पायांखाली एक कोरडं पोतं सरकवलं. "अहो, बरं वाटतंय ना?" हे शब्द अगदी जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"एकदमच सगळ्यांनी विश्रांती घ्यायला नको होती," घंटाबाई कुजबुजल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुजबुजत होत्या. "पाळ्या लावू. पाणी आज मी बघते. डबे डॉक्टर आणि तुमची नणंद नेतील. तुम्ही बसा."

"मी कशाला बसू? अजून सूप..."

"बसा म्हणते ना! आज तुमची पाळी."

बाई पोत्याच्या कडेवर टेकल्या. बसल्यावर कळलं, की पाठ दुखतेय. किती दिवसांपासून दुखतेय तेही आठवेना. भिंतीला डोकं टेकवून जरा डोळे मिटू, मग सूप बघू, असं त्यांनी ठरवलं.

अंगणात बादली आपटल्याचा आवाज झाला. बिचाऱ्या गवंड्यालाही घरी चैन पडलं नव्हतं. त्याचे पाय कोठीच्या दाराशी येऊन थांबले. "पाळकसाहेब आहेत का?"

"हळू," घंटाबाई म्हणाल्या. "प्रार्थनेत आहेत."

आतून खर्जातली प्रार्थना चालूच होती. गवंड्याने टोपी काढून मान खाली घातली. बऱ्याच वेळाने त्याने चोरून आत पाहिलं.

"आणि बाई?"

बाईंनी ते ऐकलं. उत्तर द्यायला हवं होतं, उठायला हवं होतं, पण शरीर काही हलेना, आणि घंटाबाईंचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

"त्याही."