माझ्यावर छापलेला होनोरियस

मित्रांनो, मी रोमचं एक जुनं सोन्याचं नाणं आहे आणि माझ्यावर ज्याचा चेहरा आहे, त्या सम्राट होनोरियसचा मला मनापासून राग येतो.

रावेन्ना शहराच्या टाकसाळीत माझ्यावर घाव बसला. एका बाजूला त्याचा चेहरा उमटला, दुसऱ्या बाजूला तोच कैद्यावर पाय देऊन उभा. सोबत अक्षरं विजयाची! हा माणूस कधी रणांगणावर लढला नाही. लहानपणी गादीवर बसला तो बसलाच. राज्य सांभाळलं त्याच्या सासऱ्याने, सेनापती स्टिलिकोने. शत्रू आला की स्टिलिको धावायचा आणि हा दलदलीने वेढलेल्या रावेन्नात सुखरूप राहायचा.

बक्षीस म्हणून मला स्टिलिकोच्या फौजेतल्या एका परक्या, गॉथ टोळीतल्या शिपायाला दिलं. त्याच्या बायकोने मला त्याच्या कमरपट्ट्यात शिवलं. "घर बांधताना काढू," ती म्हणाली.

मग एका दरबाऱ्याने होनोरियसचे कान भरले, की स्टिलिकोला स्वतःच्या मुलाला सम्राट करायचं आहे. होनोरियसने सासऱ्याला समोर बोलावून एका शब्दाने विचारलं नाही. स्टिलिकोने चर्चमध्ये आसरा घेतला, तर अभय देतो असं सांगून त्याला बाहेर काढलं आणि मारलं. पाठोपाठ रोमन सैनिकांनी स्टिलिकोच्या परक्या शिपायांची बायकामुलं कापली. त्यात तीही गेली. माझा शिपाई रडला नाही. मला मडक्यात घालून त्याने शेतात पुरलं आणि तो शत्रूला जाऊन मिळाला. असे हजारो गेले. पुढे त्याच शत्रूने रोम लुटलं.

"रोम गेलं" हे ऐकून होनोरियस म्हणे हादरला, कारण त्याला वाटलं, रोम नावाची त्याची लाडकी कोंबडीच मेली. ही गोष्ट खोटीही असेल, पण लोकांना ती सहज पटली. तो मात्र आजारी पडून बिछान्यात मेला.

कित्येक शतकांनी नांगराने मला वर काढलं. हात बदलत बदलत शेवटी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला, अनुपने मला विकत घेतलं. तो सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. काचेच्या डबीतून मला पाहुण्यांना दाखवायचा, "रिअल रोमन एम्परर!"

एकदा जेवताना तो म्हणाला, "माझ्या टीममधल्या जागृतीला सोमवारी काढतोय. टीममधलाच राज म्हणतो, तिला माझी मॅनेजरची खुर्ची हवीय."

"अरे, सगळं प्रोजेक्ट तिनेच ओढलंय," त्याची बायको सुलेखा म्हणाली. "आणि जॉब गेला की व्हिसाचं काय? तिच्या सईची शाळा चालू आहे. एकदा तिला विचार तरी."

"विचारून काय ती हो म्हणणार आहे?"

त्यांची मुलगी केया कॉलेजात इतिहास शिकते. "बाबा, दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट युअर एम्परर डिड," ती म्हणाली.

"तुला ऑफिसचं काय कळतं?" म्हणून तो पानावरून उठला.

सोमवारी जागृतीला काढलं. व्हिसाची मुदत संपायच्या आत तिला दुसरी नोकरी मिळाली नाही. केया तिला सामान बांधायला गेली, तेव्हा सईने विचारलं, "केयाताई, वी आर कमिंग बॅक, राइट?" केयाने तिची पुस्तकं बॅगेत भरली. मायलेकी नागपूरला गेल्या. थोड्याच दिवसांत प्रोजेक्ट कोसळलं आणि राजने वरिष्ठांना सांगून टाकलं, चूक अनुपची.

हल्ली अनुप मला मऊ फडक्याने पुसत बसतो. मित्रांनो, मला कशाला जपता? मी सोनं आहे, मातीत पडूनही मला काही होत नाही. तुमच्यासाठी राबणाऱ्या माणसाबद्दल कोणी काही कानात सांगितलं, तर आधी त्यालाच समोर बसवून विचारा. मला उद्याही पुसता येईल. विमान सुटल्यावर तिला काय विचारणार?