दुखतंय की कळतंय?

मी नसांना करंट देणारा डबा. जेवणाच्या डब्याएवढाच. अंगावर दोन बटणं, एक लाल दिवा आणि वायरींच्या टोकांना दोन काळ्या रबरी पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे माझे हात. गुडघा असो की मनगट, जिथे ठेवाल तिथे त्या वळतात.

१९९३ साली सांगलीच्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. फिजिओथेरपी शिकून आलेल्या भार्गवीताईंनी मला साताऱ्याला आपल्या नव्या दवाखान्यात आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी पट्ट्या स्वतःच्याच हाताला बांधल्या, बटण फिरवलं आणि मगच मला पेशंटच्या अंगाला लावलं.

माणसं मला घाबरतात. करंट म्हटलं की त्यांना विहिरीवरच्या मोटारीचा झटका आठवतो. उदयसिंह मात्र घाबरले नाहीत. कोरेगावकडचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. उसाची ट्रॉली उलटून त्यांच्या गुडघ्याजवळची नस चेपली होती. उजवं पाऊल वर उचलत नव्हतं. चालताना ते फटकन आपटायचं आणि चप्पल निसटून मागे राहायची. पत्नी संयोगिताबाई ती उचलून हातात घेऊन मागून यायच्या. व्हरांड्यात ‘फटक’ ऐकलं की मला कळायचं, हवालदार आले.

ताई बटण फिरवत विचारायच्या, “काका, दुखतंय का?”

“न्हाई.”

“आता?”

“न्हाई.”

पाऊलही हलेना. सहा आठवडे असेच गेले. मला करंट देता येतो. तो पोचला की नाही, हे माणसानेच सांगायचं असतं. शेवटी ताईंनी कागदावर लिहिलं, ‘संवेदना नाही.’

“नस गेली असावी,” त्या हळूच म्हणाल्या. “हे आता थांबवू. यापुढे पाऊल वर धरून ठेवणारा पट्ट्यांचा बूट बांधूनच चालावं लागेल.”

संयोगिताबाई उठून उभ्या राहिल्या. हातात चप्पल तशीच.

“आवं म्याडम, बटन फिरलं की ह्यांची मिशी हलतीया. पंधरा दिस बघतीया मी.”

“तू गप गं.”

“गप कशापायी?”

ताईंनी पट्ट्या पुन्हा बांधल्या. बटण जरासं फिरवलं. “काका, दुखतंय का, हे नाही विचारत. काही कळतंय का?”

“कळतंय की. मुंग्या येत्यात.”

“कधीपासून?”

“पंधरा दिस झालं असतील.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं, दुखतंय का. दुखत न्हवतं, न्हाई म्हनलं. पलटनीत इचारलं त्येवढंच बोलायचं असतंय.”

“पलटन ऱ्हायली तिकडं!” संयोगिताबाई कडाडल्या. “पाय कुनाचा हाय?”

ताईंनी कागदावरची ओळ खोडली.

मग आम्ही हट्टालाच पेटलो. आठवड्यातून तीनदा, ऊसतोडीतही खाडा नाही. हवालदारांचे दात आवळलेले आणि ताई प्रत्येक वेळी विचारायच्या, “कळतंय?” दुसऱ्या महिन्यात अंगठा हलला, अगदी जोंधळ्याच्या दाण्याएवढा. संयोगिताबाईंनी तो आधी पाहिला. मग पदराने चष्मा पुसला.

पुढच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी व्हरांड्यात पावलं वाजली. दोन्ही सारखी. कोण आलं ते मला ओळखूच येईना. दारात आधी मिशी दिसली. मागून संयोगिताबाई आल्या. त्यांचे हात रिकामे होते.

आज १९९९ साल आहे. माझ्या पट्ट्यांना चिरा गेल्यात. नवं यंत्र आलंय, त्याच्यावर आकडे दिसतात. ताई मला कपाटात ठेवायचं म्हणतात. माझं मागणं दोनच गोष्टींचं. नव्या यंत्रापुढे बसणाऱ्यालाही ‘दुखतंय का’ एवढंच विचारून थांबू नका. आणि मला नव्या पट्ट्या बसवून बघा. दिवा अजून लागतोय.