ओरडलं की पळायचं

थंडी पडली की परसातला ऊस तोडायचा आणि काकवी करायची. जॉर्जियात आमच्याकडं घरोघर हेच. त्या वर्षी मी बहिणीकडं, वर्डीकडं, चूल सांभाळायला गेलो, तर तिचा ओठ फाटलेला आणि पुढचा दात गायब. हळूच म्हणाली, काकवी उतरली की मी तुझ्याबरोबर येणार, परत इथं यायची नाही.

तिचा नवरा हॉयट. बायको असो, कुत्रं असो, समोर येईल त्याला हाणणारा. मॅटी, त्याचं खेचर, पण बाईमाणूस, तिला तर टिकावाच्या दांड्यानं. आधी ओरडायचा, मग मारायचा. मॅटी एकच शिकली होती, हा ओरडला की पळायचं.

हॉयट खाली बसून चरकात ऊस घालत होता. मॅटी चरकाचा लांब लाकडी दांडा ओढत गोल फिरत होती. दांडा त्याच्या डोक्यावरून जायचा. वर्डी काहिलीत उकळणाऱ्या रसावरची मळी झाऱ्यानं काढत होती. हॉयटला दारातलं तिचं गाठोडं दिसलं.

"काय मेव्हणे, बहिणीला न्यायला आलात व्हय? न्या की. थांबा, उरलेले दात पाडून देतो, तेवढंच वझं हलकं."

मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं. तो ताडकन उठला आणि पोरंसुद्धा विसरत नाहीत ते विसरला. दांडा आला की वाकायचं असतं. दांडा कानशिलात बसला, तो पुढं कोसळला आणि हात गेला थेट चरकाच्या फिरत्या रुळांत.

तो ओरडला. मॅटी पळाली. बोटं गेली, मनगट गेलं. तो आणखी ओरडला, ती आणखी पळाली. हाडं उसासारखी कडाकडा मोडत होती, रस लाल यायला लागला. मी लगामाला झोंबलो तर तिनं लाथ घालून मला चिपाडात फेकलं. गप बस, गप बसलास तर थांबेल ती, असं मी त्याला सांगत होतो. पण गप कुठला बसतोय.

वर्डी झारा धरून उभी. एक आख्खा फेरा तिनं नुसता बघितला. तशीच उभी राहिली असती तरी मी तिला काही बोललो नसतो. मग तिनं झारा ठेवला, खेचराच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"मॅटे, बस झालं गं बाई."

मॅटी थांबली, वर्डीच्या पोटाला नाक लावून थरथरत.

हात कोपरापर्यंत गेला होता. मॅटीला उलटं चालवून उरला तेवढा काढला, पट्ट्यानं आवळला आणि हॉयटला ट्रकमध्ये घातला. त्यानं चांगल्या हातानं वर्डीचा झगा धरला. "तू चल गं बरोबर."

तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. "भाऊ नेतोय तुला. मी मॅटीला घेऊन जाते."

गाठोडं खेचरावर टाकून ती निघाली. मागं काहील करपल्याचा वास सुटला. वर्डीनं आजवर कधी काकवी करपू दिली नव्हती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.