टिकटिक काकांचा गरम डबा

हसू नका मित्रांनो, पण मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास माझं झाकण उचलतो आणि विचारतो, आत काय शिजतंय. काही शिजत नाही. पत्र्याचा आहे, जुना आहे, पोटात पाणी आहे, हे सगळं कबूल. पण मी पातेलं नाही. मी रक्त तपासायच्या लॅबमधला वॉटर बाथ, म्हणजे कोमट पाण्याची पेटी. माणसाचं अंग जेवढं गरम असतं, तेवढंच पाणी गरम ठेवायचं. कमी नाही, जास्त नाही. झालं माझं काम. सोपं वाटतं ना? तुम्ही एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच मूडमध्ये राहून दाखवा, मग बोलू.

ज्या कारखान्यात मला ठोकून ठोकून पेटीचा आकार दिला, तिथे शेजारच्या रांगेत इस्त्र्या बनत होत्या. त्यांचा तोरा काय विचारता! आम्ही कडक कपडे करणार, आमच्यातून वाफा निघणार. मला कुणी भाव देईना. माझ्या पोटात एक तापणारी तार बसवली, बाजूला कान पिळतात तसं फिरवायचं बटण लावलं आणि समोर एक लाल दिवा. पाणी गार झालं की दिवा लागणार, हवं तेवढं तापलं की विझणार. तुम्हाला तोंड मिळालं, मला दिवा मिळाला. जी काय बोंब मारायची ती त्यातूनच.

तिथून मी या लॅबमध्ये आलो. खाली सायकलीचं दुकान, वर अरुंद जिना, जिन्याच्या तोंडाशी आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लोक बाही वर करून, तोंड दुसरीकडे वळवून बसायचे. मागच्या खोलीत मी, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, एक स्टॉपवॉच आणि लॅबवाली ताई. एक काचेचा थर्मामीटरही होता. तो माझ्या पाण्यात पाय सोडून असा बसायचा, जसा काही तलाव त्याच्या बापाचा.

आमची खास तपासणी होती रक्त गोठण्याची. बोट कापलं तर थोड्या वेळाने रक्त आपोआप थांबतं, बरोबर? ते किती वेळात थांबतं ते मोजायचं. ताई नळी फिरवून वरचं पिवळसर पाणी काढायची, माझ्या पाण्यात कोमट करायची, त्यात औषध टाकायची आणि स्टॉपवॉच दाबायची. मग नळी हळूहळू कलती करत उजेडात बघत राहायची. अचानक आत कोळ्याच्या जाळ्यासारखा एक बारीक धागा धरायचा. टिच्. वेळ थांबला. आता गंमत अशी, की माझं पाणी गार असेल तर तो धागा धरायला उशीर लागतो. रक्त चांगलं घट्ट असलं तरी पातळ वाटतं. म्हणून ताई रोज सकाळी आल्या आल्या आधी माझ्याकडे बघायची, थर्मामीटर बघायची, मग स्वतःच्या चहाकडे. असा मान तुमच्या वर्गात मॉनिटरलासुद्धा मिळत नसेल.

आमच्याकडे एक न्हावी यायचे. त्यांना सगळे टिकटिक काका म्हणायचे. त्यांच्या हृदयात डॉक्टरांनी धातूची झडप बसवली होती. ती उघडझाप करताना वाजायची. खरंच वाजायची हो, शांत खोलीत अगदी स्पष्ट. काका जिना चढायला लागले की मला आधी पावलं नाही, टिकटिक ऐकू यायची. पुढच्या खोलीत सुईला घाबरून रडणारं पोर असलं की काका त्याचा कान आपल्या छातीला लावायचे आणि सांगायचे, की लहानपणी मी घड्याळ गिळलं, तुला वेळ सांगू का? पोर रडायचं विसरून घड्याळ शोधायला लागायचं. तेवढ्यात ताई सुई टोचून मोकळी.

काकूंना मात्र या टिकटिकीचा वैताग होता. त्या लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या, पहाटेच कामावर निघायच्या आणि रात्री शेजारी हे चालू घड्याळ. नवऱ्याला बंद करता येत नाही आणि उशीखाली ठेवता येत नाही, अशी त्यांची तक्रार काका सगळ्यांना रंगवून सांगायचे.

या झडपेवर रक्त गोठायला नको म्हणून काकांना रक्त पातळ व्हायची गोळी रोज घ्यावी लागायची. गोळी जास्त झाली तर आत रक्तस्राव व्हायची भीती. कमी झाली तर झडपेवर गाठ धरते आणि झडप अडकते. मग काय होतं, ते मी तुम्हाला सांगत नाही. तुम्हीच समजा. म्हणून महिन्याच्या महिन्याला काका आमच्याकडे यायचे. आम्ही आकडा सांगायचो, आकडा बघून डॉक्टर गोळी ठरवायचे. म्हणजे काकांच्या जिवाची वाट माझ्या कोमट पाण्यातून जायची, असं म्हटलं तरी चालेल.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. काका सकाळी यायचे, आकडा चांगला यायचा.

मग काकांच्या दुकानाशेजारी एक मोठं ऑफिस उघडलं आणि सकाळी दाढी करणाऱ्यांची रांग लागली. काका दुपारी यायला लागले, दुकान बंद ठेवून, डबा हातात घेऊन. काकू पहाटे जायच्या म्हणून डबा आदल्या दिवशीच भरून फ्रिजमध्ये ठेवलेला असायचा. एकदा ताईने बघितलं, की काका बाकावर बसून थंडगार जेवण चावतायत. तिला ते बघवलं नाही. ती म्हणाली, "काका, द्या इकडे. रिपोर्ट होईपर्यंत गरम होईल."

आणि तिने तो बर्फासारखा स्टीलचा डबा माझ्या पोटात ठेवला.

मित्रांनो, मला हुडहुडीच भरली. पाणी काठापर्यंत चढलं आणि झर्रकन गार झालं. थर्मामीटर डब्याच्या मागे कोपऱ्यात ढकलला गेला. त्याचा सगळा तोरा उतरला, पारा खाली खाली निघाला, पण बघणार कोण? मी जिवाच्या आकांताने तापायला लागलो आणि माझा लाल दिवा लागला. मी ओरडत होतो, की अगं ताई, पाणी गार आहे, आत्ता नळी टाकू नकोस!

ताईने दिव्याकडे बघितलं आणि हसली. "बघा काका, तुमच्यासाठी कसा मनापासून तापतोय."

काकांनी माझ्या झाकणावर प्रेमाने थाप मारली. मग ताईने डब्याच्या शेजारीच काकांची नळी ठेवली.

धागा उशिरा धरला. ताईला शंका आली, मन लावून काम करणारी बाई ती, तिने तपासणी परत केली. पण परत माझ्यातच केली, त्याच डब्याशेजारी. पुन्हा उशीर. आकडा गेला, की काकांचं रक्त फार पातळ झालंय. डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढच्या वेळी तसंच, गोळी आणखी कमी. डबा मात्र दर वेळी छान कोमट व्हायचा आणि काका बोटं चाटत ताईला आशीर्वाद द्यायचे.

तुम्ही म्हणाल, सकाळी कुणाला कळत नव्हतं का? नव्हतं. सकाळी मी ठणठणीत असायचो. चूक फक्त दुपारी व्हायची आणि दुपारी येणारं गिऱ्हाईक एकच.

आणि एक दिवस आकडा बरोबर आला. अगदी हवा तेवढा. ताईने टाळी वाजवली, डॉक्टरांनी फोनवर शाबासकी दिली, की आता गोळी जमली, हीच चालू ठेवा. मला आयुष्यात इतकी वाईट शाबासकी कधी मिळाली नव्हती. गार पाण्यात बरोबर आलेला आकडा म्हणजे रक्त खरं किती घट्ट झालं असेल, हे त्या खोलीत फक्त मला आणि कोपऱ्यातल्या थर्मामीटरला माहीत होतं. आणि आम्हा दोघांना मिळून तोंड एक नाही. एरवी मी खोड्या काढणारा प्राणी. थंडीत मुद्दाम ताईच्या चष्म्यावर वाफ सोडायचो. पण त्या दिवसानंतर मला काही सुचेना.

काका जिना चढताना आता मला आधी पावलं ऐकू यायची. मधेच थांबणारी पावलं. टिकटिक त्यांच्या मागून यायची, तीही अशी, जशी कुणी घड्याळावर रजई टाकलीय.

पुढे एका महिन्यात काकूही सोबत आल्या. त्या दिवशी लॉन्ड्रीला सुट्टी होती. येताना ताईसाठी त्यांनी एक ओढणी कडक इस्त्री करून आणली होती. डबा माझ्यात होता, दिवा पेटलेला होता, नळी पाण्यात जायच्या बेतात होती. काकू आपल्या मजेत बोलत होत्या. ताईच्या हाताला गुण आहे म्हणाल्या, गोळी काय छान जमवलीत.

"खरं सांगू ताई? इतक्या वर्षांनी मला रात्री शांत झोप लागतेय. यांचं घड्याळ आता ऐकूच येत नाही."

काका हसले. काकू हसल्या. ताई हसली नाही.

तिने फिरणारं यंत्र बंद केलं. पंखा बंद केला. खिडकी लावली, खालच्या सायकलवाल्याची ठोकाठोक थांबेपर्यंत उभी राहिली. मग काकांच्या जवळ गेली आणि लहान पोरासारखा त्यांच्या छातीला कान लावला. काकांनी सवयीने विचारलं, "वेळ सांगू का?" पण ते बोलतानासुद्धा त्यांना धाप लागली.

ताईने तिथूनच डॉक्टरांना फोन केला, सायकलवाल्याला हाक मारून गाडी बोलावली आणि काका-काकूंना मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. काकू जिना उतरताना एकच वाक्य परत परत म्हणत होत्या. "मी झोपले कशी? मी झोपले कशी?"

खोली रिकामी झाली. गडबडीत डबा माझ्यातच राहिला होता. ताईने तो उचलला, तेव्हा मागचा थर्मामीटर दिसला. तिने त्याच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि मग माझ्या लाल दिव्याकडे. त्या दिवशी पहिल्यांदा तिला मी काय म्हणतोय ते कळलं.

दिवा विझेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली, ओला डबा मांडीवर घेऊन. मग काकांची तीच नळी तिने माझ्यात ठेवली. धागा इतक्या पटकन धरला, की तिचा अंगठा स्टॉपवॉचवर पोचेपर्यंत गाठ झाली होती. तिने परत फोन केला आणि सगळं सांगितलं. गाळलं काहीच नाही. डबासुद्धा सांगितला.

त्यानंतर माझा प्लग निघाला. माझ्या जागी एक नवीन यंत्र आलं, त्याला नळीपुरतीच बारीक भोकं होती. डबा सोडा, त्यात लिंबू मावणार नाही. मला कपाटावर चढवलं. पोटात पाणी नाही, दिवा नाही, अंगावर धूळ. काकांचं काय झालं ते मला कुणी सांगेना. कोण सांगणार? भांड्याला बातम्या सांगायची पद्धत नाही. मी फक्त जिन्याकडे कान लावून पडून राहायचो. कधी नळ टपकायचा, कधी स्टॉपवॉच चालू राहायचं. मला दर वेळी वाटायचं, आले. आणि ते नसायचे.

मग एका सकाळी आले. पावलं हळू होती, पण टिकटिक आधी आली. स्वच्छ, खणखणीत, रजई काढलेली. औषधांनी गाठ विरघळवली होती म्हणे. काका निम्मे झाले होते, गळ्याशी सदरा ढगळ झाला होता. ताई त्यांना बघून तिथेच रडायला लागली. माझ्यामुळे झालं, एवढंच तिला बोलता आलं.

"डबा कुणाचा होता? माझा," काका म्हणाले. "गरम कुणाला हवा होता? मला. मग सगळी चूक एकट्या तुमच्या वाट्याला कशी? वाटून खाऊ की."

ताई रडता रडता हसली. तिने कपाटाकडे बोट दाखवलं, की ह्याला आता भंगारात द्यायचंय. काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, द्या मला, दाढीला कोमट पाणी लागतंच की.

तर मित्रांनो, मी आता सलूनमध्ये आहे, आरशाखालच्या फळीवर. माझ्यात दाढीचं पाणी असतं, टॉवेल असतात, दुपारी डबाही असतो. आता त्याने काही बिघडत नाही. मोजायचं काम माझ्याकडून गेलं, थोडं वाईट वाटतं, पण गेलं तेच बरं. काका रक्त तपासायला ताईकडेच जातात. जेवून जातात.

काकू कामावरून घरी जाताना रोज दुकानात डोकावतात. किल्ली राहिली, पिशवी राहिली, काहीतरी कारण असतंच. खरं तर खुर्चीमागे उभ्या राहून कान देतात. आणि गिऱ्हाइकांना सांगतात, "काय बाई कटकट, रात्रभर डोळ्याला डोळा नाही." इतक्या खुशीत झोपमोडीची तक्रार करणारी बाई तुम्ही बघितली नसेल.

मी अजूनही बोलू शकत नाही. उद्या ती टिकटिक परत दबली, तर सगळ्यात आधी मला कळेल आणि मला काहीही करता येणार नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखे बरेच मुके असतील. कुणाचा दिवा लागतो, कुणी घरघरतं, कुणी गार पडतं. त्यांना धुऊन पुसून ठेवा, ते तर कराच. पण दिवा लागला, तर आपल्यासाठीच लागला असं समजून हसून पुढे जाऊ नका. जरा वाका, झाकण उघडा, बघा काय म्हणतोय.

आमचे काका बघतात. माझा लाल दिवा लागला की साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच ठेवून ते माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "काय रे, काय झालं?"

पाणी गार झालंय, काका. तेवढंच. पण विचारलंत ना.