वाढीच्या रेषा

कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंनी सुईच्या टोकाने डावी झडप अलगद उचलली, बशीच्या कडेला ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाचे चाक अर्धा फेरा फिरवले. पाण्याच्या थेंबात करंगळीच्या नखाएवढा प्राणी उजव्या कुशीवर पडला होता. वरवर पाहणाऱ्याला तो शिंपलाच वाटला असता. झडप उघडल्यावर मात्र आत कोळंबी होती. वाकलेली पाठ, पायांच्या दाट जोड्या, एकमेकांना चिकटलेले दोन काळे डोळे. बाई तिला शिंपकोळंबी म्हणत. बाकीचे कॉलेज तिला काहीच म्हणत नसे.

समोरच्या स्टुलावर त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. बसडेपोत तीस वर्षे इंजिने खोलून नुकताच निवृत्त झालेला हा माणूस इथे आला की हात मांड्यांखाली दाबून बसायचा. काचेच्या वस्तूंवर त्याचा विश्वास नव्हता.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"बोलले की मोजणी चुकते."

दोन मिनिटांनी तो उठून खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला.

त्याच्या घरामागे मोकळे मैदान होते. मैदानाच्या मधोमध खोलगट जागा होती आणि पाऊस झाला की तिथे डबके साचे. आता त्या डबक्यावरून नवा रस्ता जाणार होता आणि डबक्यानंतर भावाच्या स्वयंपाकघरातून. आखणी झाली होती, पांढऱ्या खुणा मारून झाल्या होत्या. फक्त एक कागद राहिला होता. डबक्यात कोणते जीव आहेत याची यादी रस्त्याचे काम पाहणाऱ्या कचेरीने कॉलेजकडे मागितली होती. दुर्मीळ काही निघाले तर रस्ता पश्चिमेला, बंद पडलेल्या गोदामांमागून न्यावा लागणार होता. बाईंनी अधिकाऱ्याला फोन करून सांगितले होते की तिथे माझ्या सख्ख्या भावाचे घर आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. अधिकारी हसला होता. "मॅडम, या किड्यांतलं कळणारं दुसरं आहे कोण?"

शनिवारी बाई स्वतः जाळी घेऊन जाणार होत्या. पण शुक्रवारीच भाऊ झाकणाची बरणी घेऊन हजर झाला. तुझे गुडघे दुखतात, चिखलात कशाला उतरतेस, म्हणाला.

बाईंना काय दिसणार ते माहीत होते. आसपासच्या प्रत्येक डबक्यात एकच साधी जात सापडे. तिची चोच, म्हणजे डोक्याचे पुढे आलेले टोक, गोलसर असते आणि शेपटीच्या पट्टीवर एकसारख्या काट्यांची रांग असते. ओळखायला पाच मिनिटे पुरत.

त्यांनी चोच पाहिली. ती गोल नव्हती. पटाशीने छाटावी तशी सरळ होती.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. नर होता, पुढच्या दोन जोड्या पायांना मादीला धरायच्या चिमट्या होत्या. त्यांनी शेपटी सुईने पसरली आणि काटे मोजले. चौदा. त्यांतला पहिला बाकीच्यांच्या दुप्पट. बरणीतून दुसरा प्राणी काढला, मग तिसरा. तीच चोच, तोच काटा.

ही जात बाईंनी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत, बत्तीस वर्षांपूर्वी, प्रबंधासाठी. त्यानंतर कोणाला कुठेही सापडल्याची नोंद नव्हती. दर एक-दोन वर्षांनी बाई खाणीवर जाऊन ती अजून आहे ना, एवढे बघून येत. गेली तीन वर्षे गुडघ्यांमुळे तेही जमले नव्हते.

"ही साधी नाहीये," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना जरा चढलेला वाटला.

भावाने हात मांड्यांखालून काढले. "म्हणजे दुर्मीळ?"

"फार."

खिशातून रुमाल काढून तो मान पुसत राहिला. मग खाली गेला आणि दोन चहा घेऊन आला, एक बाईंचा बिनसाखरेचा. इतक्या वर्षांत त्याने तो न विसरता पहिल्यांदाच आणला होता.

तो येईपर्यंत बाई तक्त्यातले रकाने भरत होत्या. लांबी, उंची, चोच, काटे, अंडी. शेवटचा रकाना वाढीच्या रेषांचा होता. खेकडा किंवा साधी कोळंबी वाढताना जुने कवच पूर्ण टाकून देते. ही कातडी टाकते, झडपा टाकत नाही. जुन्या झडपेखाली नवी, थोडी मोठी झडप धरते आणि कडेला एक रेष उमटते. जितक्या वेळा कात, तितक्या रेषा. बाईंनी बाजूला ठेवलेली झडप भिंगाखाली घेतली आणि कडेपासून आत मोजत गेल्या.

चोवीस.

दुसरी घेतली. सव्वीस. तिसरी पुन्हा चोवीस.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चहा हातात घेतला, पण प्यायला नाही.

"तुमच्याकडे पाऊस कधी झाला रे?"

"मागच्या मंगळवारी. का?"

"त्याआधी मैदान कोरडं होतं ना? फोनवर म्हणाला होतास, धुळीनं बायकोला खोकला लागलाय."

"कोरडं ठणठणीत," तो म्हणाला. नेमकं काय चुकलं हे त्याला कळले नव्हते. चुकलं एवढे मात्र कळले होते.

मागच्या मंगळवारपासून दहा दिवस झाले होते. दहा दिवसांत सात रेषा होतात. फार उबदार पाणी असले तर आठ.

"उद्या मी येतेच," बाई म्हणाल्या.

"कशाला? आणलंय की मी."

"नियम आहे तसा."

शनिवारी सकाळी बाई पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून डबक्यात उतरल्या. भाऊ काठावर उभा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भावजय बघत होती. ते स्वयंपाकघर त्याने घरात सगळ्यात शेवटी बांधले होते, सुट्टीच्या दिवशी, स्वतः विटा लावून. खिडकी भावजयीला हवी तेवढ्याच उंचीवर होती. एक भिंत किंचित तिरकी होती. त्यावरून तिने त्याला वर्षभर पुरेल इतके चिडवले होते आणि नंतर तीच भिंत पाहुण्यांना कौतुकाने दाखवत असे.

बाईंनी जाळी तीन वेळा फिरवली आणि पांढऱ्या ताटलीत उलटी केली. तिळाएवढे, मसुराएवढे कितीतरी प्राणी गरगरत होते. खिशातले भिंग लावून त्यांनी पाहिले. गोल चोच. सहा रेषा, सात रेषा. साधी जात. आणि त्यांच्यात तीन मोठे, पिवळट, जडपणे पोहणारे.

त्या वर आल्या. पाय पुसायला भावाने फडके पुढे केले. त्यांनी ते घेतले.

"किती सोडलेस?"

मैदानापलीकडच्या पांढऱ्या खुणांकडे बघत तो म्हणाला, "दोन बादल्या."

"खाणीतून."

"हो."

बाई तिथल्याच एका दगडावर बसल्या आणि बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढू लागल्या. प्रबंधाच्या वेळी दोन वर्षे तोच त्यांना खाणीवर सोडायला येई आणि काठावर वाट बघत बसे. त्याला सगळे माहीत होते. ते प्राणी कुठल्या कडेला, कुठल्या खोलीत असतात, जाळी कशी धरायची. बाईंच्या नवऱ्याला कधी माहीत झाले नव्हते, मुलीला नव्हते. याला माहीत होते.

"चोचीवरून ओळखशील एवढं मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "वयसुद्धा कळतं, हे नव्हतं ठाऊक."

"कधी विचारलं नाहीस."

"ताई, आता ते डबक्यात आहेत ना? आहेत. तू डबक्यातून काढलेस. मग तसं लिही. खोटं काय त्यात?"

"कुठून आले ते लिहावं लागतं."

"आणि नाही लिहिलं तर कोण तपासणार आहे?"

"कोणीच नाही."

"मग?"

बाईंना आधी सुचले ते मास्तरी थाटाचे उत्तर होते आणि ते त्यांनी गिळले. तपासणारे कोणी असते तर एक वेळ सोपे गेले असते, असे मात्र त्यांच्या मनात येऊन गेले.

"मी चार-पाचच आणणार होतो," तो म्हणाला. "बरणीपुरते. तिथं गेलो तर डंपर उभे. पाडलेल्या इमारतींचा मलबा टाकतायत खाणीत. अर्ध्याहून जास्त भरलीय. पाणी उरलंय त्या खोलीएवढं." त्याने हाताने घराकडे दाखवले. "मग म्हटलं भरू दोन बादल्या. तुझ्यासाठी म्हणून नाही भरल्या, खोटं कशाला सांगू. पण त्या मलब्यात टाकवेनात परत."

बाई उठल्या. गुडघा धरून क्षणभर तशाच थांबल्या.

"पाण्यातल्यांचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "ते महिन्याभरात मरतातच. त्यांची अंडी तळाच्या मातीत असतात. वर्षानुवर्षं कोरडी राहिली तरी टिकतात. माती गेली की सगळं गेलं."

भावजयीने खिडकीतून खायला हाक मारली. बाईंनी आत जाऊन दोन घास खाल्ले. निघताना भावजय त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आली.

"वन्सं, तुम्ही काय लिहाल ते लिहा," ती म्हणाली. "फक्त ह्यांच्यावर बालंट येईल असं काही लिहू नका. आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली, तीही धड जमली नाही."

रविवारी बाईंनी अहवाल लिहिला. डबक्यातली मूळ जात साधी, सर्वत्र आढळणारी. त्याखाली, मोठ्या आकाराचे काही प्राणी दुसऱ्या, दुर्मीळ जातीचे असून ते वाढीच्या रेषांवरून या डबक्यात जन्मलेले नाहीत. ते बाहेरून आणून सोडलेले आहेत. कोणी, ते लिहिले नाही. ते रकान्यात विचारलेलेही नव्हते. मग वेगळ्या कागदावर दगडखाणीबद्दल अर्ज लिहिला. तिथली भर तातडीने थांबवावी. 'तातडीने' या शब्दाखाली त्यांनी रेष मारली आणि मग ती खोडली.

सोमवारी अधिकाऱ्याने अहवाल उभ्या-उभ्याच वाचला.

"हे बाहेरून सोडल्याचं वाक्य नसतं तर," तो सावकाश म्हणाला, "रस्ता सरकला असता, मॅडम."

"हो."

"काढायचं असेल तर मी अर्ध्या तासानं परत येतो."

"नको. शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला. खाणीच्या अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि तो ट्रेमधल्या बऱ्याच जाड गठ्ठ्याखाली सरकवला. उत्तर यायला किती दिवस लागतात, हे बाईंनी विचारले नाही.

बाहेर फाटकापाशी एक टेम्पो उभा होता. चालकाच्या जागी भाऊ होता. शनिवारपासून दोघांचे बोलणे झाले नव्हते. मागे रिकाम्या गोण्या, दोन फावडी आणि एक घमेले होते.

"दिलास?" त्याने विचारले.

"दिला."

त्याने मान हलवली. मग वाकून पलीकडचे दार उघडले. "किती माती लागते?"

बाई चढून बसल्या. "जेवढी निघेल तेवढी. वरचा चार बोटांचा थर फक्त."

खाणीवर त्याने सांगितले त्याहून वाईट प्रकार होता. पाणी खोलीएवढेही उरले नव्हते. तुटक्या फरश्या, सळ्या, रंग उडालेल्या भिंतींचे तुकडे उतारावरून थेट काठापर्यंत आले होते. उरलेल्या ओल्या पट्टीवर बाईंनी काठीने चौकोन आखून दिले आणि भावाने खरवडायला सुरुवात केली. तो खोल जाऊ लागला की बाई "वरचं, वरचंच" म्हणत, आणि तो फावडे आडवे धरी. तिसरी गोणी भरत असताना वर डंपर येऊन थांबला. चालकाने डोके बाहेर काढले.

"ओ काका! बाजूला व्हा, खाली करायचंय! काय सापडलं की काय तिथं?"

"काही नाही," भावाने ओरडून सांगितले. "माती नेतोय."

"ही? ह्या मातीत काय उगवणार?"

भावाने बाईंकडे पाहिले. बाईंनाही एवढ्या लांबून ओरडून सांगता येईल असे काही सुचेना.

"अर्धा तास दे," तो म्हणाला. "मी डेपोतला आहे रे. तुझं मागचं डावं चाक आवाज करतंय, जाताना बघून देतो."

चालकाने इंजिन बंद केले आणि खाली उतरून डाव्या चाकाशी जाऊन बसला.

अकरा गोण्या झाल्या. बाईंनी प्रत्येकीत एक चिठ्ठी टाकली. ठिकाण, तारीख, गोळा करणारा. भावाने एक चिठ्ठी उचलून वाचली. तिच्यावर त्याचे पूर्ण नाव होते. त्याने ती पुन्हा गोणीत टाकली आणि तोंड सुतळीने आवळले.

"ह्या सगळ्या तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. "माझ्याकडे आता जागा कुठली?"

बाईंनी पुढची रिकामी गोणी त्याच्यासमोर धरली आणि तिचे तोंड दोन्ही हातांनी उघडले.